शांतिसेनेचे यंत्र आणि बिनपगारी उमेदवार



आजच्या विषयाचे नाव वाचून काही स्नेह्यांनी मला विचारले, की कामगार संघटनेत जन्म घालवलेल्या माणसाने शांतिसेना आणि संगणक यांच्या भानगडीत का पडावे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की जेथे काम आहे तेथे काम करणारा आहे. आणि जेथे काम करणारा आहे तेथे त्याला मिळते काय आणि त्याचे ऐकतो कोण, हे विचारण्याचा कामगार चळवळीला अधिकार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आज मोठा पालट चालू आहे. नोंदवहीची जागा संगणक घेत आहे आणि टेहळणीच्या बुरुजाच्या जोडीला वैमानिकाविना उडणारे ड्रोन आले आहे. या पालटाला डिजिटल परिवर्तन असे नाव आहे. न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीत या कामाला हातभार लावणारी शिकाऊ तरुण मंडळी असतात. त्यांना इंटर्न म्हणतात. त्यांना पगार नसतो. हे यंत्र चालते कसे, त्यात या शिकाऊ मंडळींचे काम काय, आणि त्या खुर्चीवर कोण बसतो याला महत्त्व का, एवढेच मला आज समजावून सांगायचे आहे.

इंटर्न या शब्दासाठी आपल्याकडे एक जुना, चांगला मुरलेला शब्द आहे. तो म्हणजे उमेदवार. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी मामलेदार कचेरीत एखादी जागा रिकामी होईल या आशेवर जो फुकट लेखणी घाशी, त्याला उमेदवार म्हणत. उमेद म्हणजे आशा. पगाराऐवजी आशेवर राबतो तो उमेदवार. अशी उमेदवारी कोणाला परवडे? ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आधीच शिजत असे, त्याला. हा जुना अर्थ ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

प्रथम शांतिसेनेविषयी. संयुक्त राष्ट्रसंघाजवळ स्वतःचे सैन्य नाही. 1948 साली पॅलेस्टाईनमध्ये युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी निरीक्षक धाडले गेले, तेथून या कामाचा प्रारंभ झाला. 1956 साली सुएझच्या पेचप्रसंगात पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली आणि निळे शिरस्त्राण जगाच्या परिचयाचे झाले. सैनिक असतात सभासद देशांचे. ते उसने दिले जातात. त्याबद्दल संयुक्त राष्ट्रसंघ त्या त्या सरकारला दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतो. 2018 साली हा दर 1,428 डॉलर ठरला होता. म्हणजे सैनिकाच्या कामाला दर आहे. ड्रोन पुरवणाऱ्या कंपनीच्या कामालाही दर आहे. हे येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे याचा उपयोग आहे.

या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. आजवर 2 लाख 90 हजारांहून अधिक भारतीयांनी निळे शिरस्त्राण घातले आहे. 1961 साली काँगोत एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. 26 जुलै 2022 रोजी त्याच काँगोत बुटेंबो येथे शांतिसेनेविरुद्ध उसळलेल्या हिंसक निदर्शनांत आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. तेव्हा हा विषय परका आहे असे कोणी समजू नये.

आता यंत्राकडे वळू. शांतिसेनेला यंत्राची गरज का पडली, हे एका प्रसंगावरून स्पष्ट होते. 2008 सालच्या नोव्हेंबरात काँगोच्या उत्तर किवू प्रांतातील किवांजा या गावी बंडखोरांनी घरोघर फिरून माणसे मारली. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्थांनी मृतांचा आकडा सुमारे 150 दिला. शांतिसेनेचा तळ तेथून एका मैलाच्या आत होता, आणि तो आपल्या भारतीय तुकडीचा होता. सैनिक थोडे होते, परिसर मोठा होता. गावात काय चालले आहे ते तळावर वेळेत कळले नाही. गावकऱ्यांची भाषा जाणणारा दुभाष्याही हाताशी नव्हता. शौर्य उणे पडले म्हणून ही माणसे मेली असे नव्हे. भिंतीपलीकडची हाक भिंतीअलीकडे पोहोचली नाही, म्हणून मेली.

त्यानंतरच्या काळात काँगोत दोन साध्या गोष्टी झाल्या. स्थानिक काँगोली माणसांना पगारावर नेमून तळ आणि गाव यांच्यामध्ये बसवले गेले. आणि गावोगावच्या निवडक लोकांना फोन दिले गेले. जेथे फोनची लहर पोहोचत नव्हती तेथे रेडिओ संच दिले गेले. संकट दिसले की त्यांनी तळाला कळवायचे. ही डिजिटल परिवर्तनाची पहिली पायरी समजावी. तिच्यात यंत्र थोडे आणि माणूस पुष्कळ होता.

पुढे यंत्र वाढले. डिसेंबर 2013 मध्ये गोमा येथून शांतिसेनेचे पहिले नि:शस्त्र ड्रोन उडाले. घडलेल्या घटनांची एकत्र नोंद ठेवणारी सेज नावाची संगणक-वही निरनिराळ्या मोहिमांत आली. या वहीत प्रत्येक घटना ठरलेल्या रकान्यांत भरायची: कोठे, केव्हा, काय, कोणी, किती. असे हजारो दाखले जमले की नकाशावर कोठे धग वाढते आहे ते दिसू लागते, आणि गस्त कोठे न्यावी याचा विचार करता येतो. 18 ऑगस्ट 2021 रोजी, सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद महिनाभर भारताकडे असताना, आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या अध्यक्षतेखाली शांतिसेना व तंत्रज्ञान या विषयावर चर्चा झाली आणि परिषदेने त्या विषयावरील आपले पहिले अध्यक्षीय निवेदन स्वीकारले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाने शांतिसेनेच्या डिजिटल परिवर्तनाचे धोरण जाहीर केले. निरनिराळ्या ठिकाणची माहिती एका पडद्यावर आणणाऱ्या युनाइट अवेअर या योजनेला भारताने 16 लाख 40 हजार डॉलर देऊ केले. धोरणात चार उद्दिष्टे आहेत. त्यांतले एक असे, की ही साधने जबाबदारीने वापरली जावीत. गावकऱ्याने फोनवर दिलेली बातमी बंडखोरांच्या हाती लागली तर त्याचा जीव जाईल, हे ध्यानात घेतले म्हणजे या उद्दिष्टाचे वजन कळते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. माहिती मिळाली म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. 1994 सालच्या जानेवारीत रुआंडातील शांतिसेनेच्या सेनापतीने शस्त्रसाठे आणि कत्तलीची तयारी यांविषयी न्यूयॉर्कला तार केली होती. माहिती पोहोचली होती. तरीही त्याला शस्त्रसाठ्यांवर छापे घालू दिले नाहीत. आणि एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवण्याऐवजी 270 माणसांपर्यंत खाली आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसे मारली गेली. ऐकण्याची इच्छा नसेल तर कोणतेही यंत्र बहिऱ्याच्या कानाशी वाजवलेल्या नगाऱ्यासारखे आहे. परंतु ऐकण्याची इच्छा असूनही ऐकू न येणे हे किवांजाचे दुःख होते, आणि ते दूर करणे यंत्राला काही अंशी शक्य आहे.

काही अंशी असे मी म्हणतो, त्याचे कारण कारखान्यातील एका अनुभवाने सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे अपघातांची एक जाडजूड वही होती. मुकादम तीत सगळे लिही: बोट कापले, चटका बसला, डोळ्यात कचरा गेला. मग वही गेली आणि संगणक आला. वर्षभराने व्यवस्थापनाने आम्हाला तक्ता दाखवला, की अपघात निम्म्याहून कमी झाले. कामगार हसू लागले, कारण पट्ट्या बांधलेले हात समोर बसले होते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवावा असा कारखाना कायद्याचा नियम होता. संगणकात तेवढाच रकाना आखला होता. लहान जखमेला तेथे जागाच नव्हती. यंत्र खोटे बोलले नव्हते; त्याला जेवढे विचारले होते तेवढेच ते सांगत होते. ज्या मुलाने रकाना आखला तो हुशार होता, पण प्रेस मशीन त्याने जवळून पाहिले नव्हते. आम्ही आग्रह धरून एक मुकादम आणि दोन प्रेसवाले त्याच्या शेजारी बसवले. रकाना वाढला. मग कळले, की बहुतेक जखमा एकाच मशीनवर, रात्रपाळीच्या शेवटच्या दोन तासांत होत होत्या.

शांतिसेनेच्या वहीलाही हाच न्याय लागू आहे. खून हा रकान्यात बसतो, कारण तो मोजता येतो. पण बायकांनी सरपणाची नेहमीची वाट सोडून लांबची वाट धरली, बाजाराच्या दिवशी एका जमातीचे लोक आले नाहीत, शाळेतली मुले अचानक कमी झाली, या गोष्टी कोणत्या रकान्यात घालायच्या? खेड्यात वाढलेल्या माणसाला ठाऊक असते, की दंगलीपूर्वी बाजार ओस पडतो. ज्याने बाजार केवळ दुकानाच्या काचेतून पाहिला, त्याला ते सुचणे कठीण. तेव्हा रकाना कोण आखतो, कोणता शब्द कोणत्या अर्थाने घेतो, कोणती बातमी किरकोळ समजून खाली टाकतो, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. तो माणसाच्या अनुभवाचा प्रश्न आहे.

आता उमेदवाराकडे येऊ. तो काय करतो? निरनिराळ्या मोहिमांतून आलेली माहिती तपासून एका साच्यात आणणे, टिपणे तयार करणे, बैठकींचे वृत्तांत लिहिणे, सैनिकांना नवी साधने शिकवण्यासाठी पुस्तिकांचे मसुदे करणे, तक्ते आणि नकाशे आखण्यास मदत करणे, अशा स्वरूपाचे हे काम असते. उमेदवार धोरण ठरवत नाही, हे मान्य. परंतु पहिला मसुदा लिहिणाऱ्याचे शब्द शेवटच्या मसुद्यात पुष्कळदा तसेच राहतात, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको. शिवाय आजचा उमेदवार हा उद्याचा अधिकारी. त्या कचेरीत शिरण्याचा जिना बहुधा याच पायरीपासून सुरू होतो.

या पायरीचे नियम असे आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेला, त्यापुढचे शिक्षण घेणारा, किंवा शिक्षण संपून एक वर्षाच्या आत असलेला तरुण अर्ज करू शकतो. मुदत दोन ते सहा महिने. काम आठवड्याचे पाच दिवस, पूर्ण वेळ. वेतन नाही. प्रवास, व्हिसा, राहणे, जेवण हा सारा खर्च त्याचा स्वतःचा किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेचा. आजारपणाचा विमाही त्यानेच दाखवायचा. न्यूयॉर्क हे जगातील अत्यंत महाग शहरांपैकी एक. आता सांगा, काठमांडूच्या शिक्षकाची मुलगी, ढाक्यातील शिलाई कामगाराचा मुलगा किंवा बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा तेथे सहा महिने कोणत्या पैशावर राहील? 2015 साली जिनीव्हात एक शिकाऊ तरुण तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. 2017 सालच्या फेब्रुवारीत या मंडळींनी जिनीव्हात व अन्य शहरांत निदर्शनेही केली. तंबूपर्यंत पोहोचलेल्या तरुणाविषयी मला सहानुभूती आहे. पण जो विमानाचे तिकीट न काढता घरीच राहिला, त्याची बातमी कोठेच आली नाही. माझा मुद्दा त्याच्याविषयी आहे.

शांतिसेनेला माणसे कोण देतो ते पाहा: नेपाळ, बांगलादेश, रुआंडा, भारत, पाकिस्तान, घाना. ऊन आणि गोळी यांच्या वाट्याला गरीब देशांची मुले, आणि पडद्यासमोरच्या खुर्चीच्या वाट्याला ज्यांच्या वडिलांना सहा महिन्यांचे भाडे भरता येते ती मुले. ही विभागणी कोणी दुष्टाव्याने केली असे माझे म्हणणे नाही. फुकट कामाचा तो सरळ हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचे 101 वे कलम सांगते, की कर्मचारी शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर घेण्याकडे लक्ष द्यावे. पण नियमाप्रमाणे उमेदवार हा कर्मचारीच नाही. त्यामुळे कलम त्याच्यापाशी येऊन थांबते. 1948 सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे 23 वे कलम काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क देते. तेही या दारापाशी येऊन थांबते.

आणि मौज अशी, की याच शांतिसेनेच्या कचेरीत हाच वाद पूर्वी एकदा होऊन निकालात निघालेला आहे. 1990 नंतर मोहिमा एकाएकी वाढल्या आणि न्यूयॉर्कच्या कचेरीत माणसे कमी पडू लागली. तेव्हा काही सरकारांनी आपले लष्करी अधिकारी स्वतःच्या पगारावर तेथे फुकट दिले. होता होता शंभराहून अधिक असे अधिकारी तेथे बसले, आणि त्यांतले बहुतेक श्रीमंत देशांचे होते. विकसनशील देशांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, फुकट माणूस देणे ज्याला परवडते त्याचीच माणसे कचेरीत भरणार असतील, तर सर्व देशांची समानता ती कसली? 1997 साली आमसभेने ठराव करून ही पद्धत मोडीत काढण्याचा आदेश दिला आणि पुढील दीड-दोन वर्षांत ती बंद झाली. मात्र त्या वेळच्या वर्गवारीत शिकाऊ उमेदवारांचा वर्ग निराळा ठेवला गेला, आणि हे तत्त्व त्यांना लागू झाले नाही. कर्नलच्या बाबतीत जे फुकट काम समानतेला बाधक ठरले, ते विद्यार्थ्याच्या बाबतीत निर्दोष कसे ठरते, याचे उत्तर मला आजवर कोठे वाचायला मिळालेले नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की उमेदवार शिकतो, तेव्हा शिक्षण हाच त्याचा मोबदला. आपल्या देशात 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. तो कायदा शिकाऊ मुलाला कामगार मानत नाही, तो शिकणारा आहे असेच म्हणतो. तरीही त्याला विद्यावेतन दिलेच पाहिजे, असे बंधन घालतो. शिकणाऱ्यालाही भूक लागते, एवढी साधी गोष्ट त्या कायद्याला कळली.

दुसरा आक्षेप असा, की आता घरबसल्या संगणकावर उमेदवारी करता येते, मग न्यूयॉर्कचा खर्च कशाला? 2020 च्या महामारीपासून अशी सोय काही प्रमाणात झाली, आणि ती चांगली झाली. पण न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. तेथली दिवसपाळी म्हणजे येथली रात्रपाळी. रात्रपाळी करून दिवसा पोटासाठी दुसरे काम करायचे, तर निजायचे केव्हा? स्थळ बदलले, वेतनाचा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो पोकळ नाही. सभासद देश वर्गणी वेळेवर देत नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये तर पैशाच्या टंचाईपायी सुमारे एक चतुर्थांश शांतिसैनिक परत पाठवण्याचे जाहीर झाले. परंतु पैसा नाही म्हणून ड्रोन कोणी फुकट देत नाही. टंचाईत कोणाची देणी द्यायची आणि कोणाची बुडवायची, हा नेहमीच शक्तीचा प्रश्न असतो. आणि ज्याची संघटना नाही त्याचे देणे आधी बुडते. शिवाय मार्ग नाही असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासून आपल्या उमेदवारांना विद्यावेतन सुरू केले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनाही उमेदवारांना विद्यावेतन देते. ही तीच संघटना, जिच्या 1919 सालच्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेत आपले नारायण मल्हार जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. तेथे सरकार आणि मालक यांच्या बरोबरीने कामगारालाही खुर्ची आहे. ज्या घरात कामगाराला खुर्ची आहे त्या घरात उमेदवाराला वेतन मिळते, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा मागणी काय करावी? एक, शांतिसेनेच्या कामातील प्रत्येक उमेदवाराला त्या शहरात साधेपणाने राहता येईल एवढे विद्यावेतन. दोन, ज्या देशांचे सैनिक मैदानात आहेत आणि ज्या देशांत मोहिमा चालू आहेत, त्या दोन्हींच्या तरुणांना या जागांत ठरावीक वाटा. तीन, रकाने आखण्याच्या बैठकीत गस्त घालून आलेला एक शिपाई आणि गावाशी बोलणारा एक स्थानिक माणूस. तिसऱ्या मागणीला फारसा खर्चही नाही. भारताने या यंत्रासाठी 16 लाखांवर डॉलर देऊ केले. त्याच्या एका लहानशा अंशातून आपल्या विद्यापीठांतील काही होतकरू मुलामुलींचा खर्च सरकारला उचलता येईल, आणि मग सर्वांसाठी विद्यावेतनाची मागणी आमसभेत मांडताना आपल्या शब्दाला वजन येईल.

समोर बसलेल्या तरुण श्रोत्यांना एकच सांगतो. ही उमेदवारी कमी प्रतीची आहे असे समजू नका. किवांजासारख्या गावाची हाक पुढच्या वेळी तळापर्यंत पोहोचावी, याहून मोलाचे काम थोडेच असेल. ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर अर्ज करावा. तेथे गेल्यावर कोणता रकाना कोणी आणि का आखला हे विचारावे. आणि जो तेथपर्यंत येऊ शकला नाही त्याच्या वतीने वेतनाचा प्रश्नही विचारावा. मोलाच्या कामाला मोल मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.